‘ताण’ आणि ‘प्रवाह’ : व्होल्टता या संकल्पनेची जडणघडण (१८००–१८४९)

विद्युत् शास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत साध्या विद्युत् मंडलाचे प्रकरण बहुधा तीन व्याख्यांनी सुरू होते. संवाहकातून दर सेकंदाला जाणारा विद्युत् भार म्हणजे प्रवाह. त्या प्रवाहाला होणारा विरोध म्हणजे रोध. आणि प्रवाह ज्यामुळे चालू राहतो तो मंडलातील दोन बिंदूंमधील वर्चोभेद, म्हणजेच विभवांतर किंवा व्यवहारातील व्होल्टता. यानंतर लगेच ओहमचा नियम येतो आणि पुढचे सारे गणित होऊन बसते. या मांडणीमुळे असा समज होतो की, या तिन्ही राशी निसर्गात आधीपासून वेगवेगळ्या मांडून ठेवलेल्या होत्या व शास्त्रज्ञांनी केवळ त्यांचा परस्परसंबंध मोजून काढला. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. व्होल्टाने आपला घटस्तंभ जाहीर केला तो १८०० साली. मंडलात प्रवाह वाहत असतानाही त्याच्या प्रत्येक बिंदूला निश्चित वर्चस् असते आणि ते स्थिर विद्युतेच्या वर्चसाहून भिन्न नसते, हे सैद्धांतिक दृष्ट्या निःसंदिग्ध झाले ते १८४९ साली. मधली सुमारे पन्नास वर्षे नियमाच्या शोधाइतकीच एका संकल्पनेच्या घडणीची वर्षे होती.

या कथेचा आरंभ घटस्तंभाच्याही थोडा आधी शोधावा लागतो. आलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) हा मूळचा घर्षणजन्य विद्युतेचा अभ्यासक. एखाद्या संवाहकावर किती विद्युत् साठली आहे आणि ती बाहेर पडण्यासाठी किती जोर करते आहे, या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्याने १७७०–८० च्या दशकांतील आपल्या लेखनात स्पष्ट केले होते. त्या जोराला त्याने ‘ताण’ म्हटले. मोठ्या संवाहकावर तीच विद्युत् पसरली तर ताण कमी होतो, लहानावर कोंडली तर वाढतो. म्हणजे विद्युतेचे परिमाण हे धारकता आणि ताण यांच्या गुणाकाराएवढे असते. विद्युत् दर्शकाच्या काड्या जितक्या फाकतात तितका ताण, अशी या कल्पनेची प्रायोगिक बाजू होती. आजच्या वर्चसाचा हा पूर्वजच होय. परंतु तो स्थिर विद्युतेच्या क्षेत्रात जन्मला होता, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

लुइजी गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बोलोन्या येथून बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या स्नायूंचे आकुंचन प्राणिजन्य विद्युतेमुळे होते असा पक्ष मांडला. व्होल्टाने प्रथम तो मान्य केला व पुढे नाकारला. विद्युतेचे मूळ दोन भिन्न धातूंच्या स्पर्शात आहे असे त्याचे म्हणणे पडले. हा पक्ष सिद्ध करताना त्याला जी अडचण आली ती परिमाणाची होती. घर्षणयंत्राचा ताण आजच्या मापाने हजारो व्होल्ट भरतो, तर जस्त व चांदी यांच्या एका जोडीचा ताण एका व्होल्टच्या आसपासचा. साध्या विद्युत् दर्शकाला तो जाणवणेच शक्य नव्हते. म्हणून व्होल्टाने धारित्राच्या साहाय्याने तो वाढवून दाखविला आणि अखेरीस जोड्यांवर जोड्या रचून त्यांचा ताण एकत्र केला. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पाठविलेल्या पत्रात या स्तंभाचे वर्णन आहे : चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, आणि पुन्हा तोच क्रम. जोड्यांच्या संख्येच्या प्रमाणात ताण वाढतो, हे त्याला ठाऊक होते.

येथेच एक कोडे उभे राहिले. स्तंभाची दोन टोके मोकळी असताना विद्युत् दर्शक ताण दाखवी. पण तीच टोके जाड धातूच्या तारेने जोडली की ताण जवळजवळ नाहीसा होई. उलट पाण्याचे विघटन, तारेचे तापणे, शरीराला बसणारा सलग धक्का हे सारे परिणाम टोके जोडल्यावरच दिसत. ज्या वेळी ताण आहे त्या वेळी काही घडत नाही आणि ज्या वेळी घडते त्या वेळी ताण नाही, असा हा विरोधाभास होता. आज त्याचे उत्तर सोपे वाटते. ओल्या पुठ्ठ्यांनी भरलेल्या स्तंभाचा अंतर्गत रोध जाड तारेच्या रोधापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. त्यामुळे मंडल पुरे होताच जवळजवळ सर्व वर्चोभेद स्तंभाच्या पोटातच खर्ची पडतो आणि बाहेरच्या टोकांवर फारच थोडा उरतो. परंतु हे उत्तर देण्यासाठी रोध ही राशी हवी, स्रोताचा स्वतःचा रोधही हिशेबात धरला पाहिजे ही जाणीव हवी, आणि ताण मंडलात जागोजागी वाटला जातो ही कल्पना हवी. यांपैकी एकही १८०० साली उपलब्ध नव्हती.

१८२० मध्ये कोपनहेगन येथे हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड याने विद्युत् प्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून पॅरिसमध्ये आंद्रे मारी अँपिअरचे निबंध येऊ लागले. अँपिअरने त्या विरोधाभासाला सिद्धांताचे रूप दिले. विद्युत् चालक क्रियेचे दोन प्रकारचे परिणाम असतात, असे त्याने प्रतिपादन केले : मंडल तुटलेले असताना ‘ताण’ आणि मंडल जुळलेले असताना ‘प्रवाह’. पहिला विद्युत् मापकाने कळतो. दुसरा चुंबकसूचीच्या वळण्याने कळतो, आणि त्या उपकरणाला त्याने ‘गॅल्व्हानोमीटर’ हे नाव सुचविले. प्रवाह तारेतून जातो तसाच स्तंभातूनही जातो, कारण स्तंभाजवळ धरलेली सूचीही वळते, हेही त्याने दाखविले. मंडल हे खऱ्या अर्थाने बंद वलय आहे, ही कल्पना येथे दृढ झाली. या वर्गीकरणाने चुंबकीय परिणामांच्या अभ्यासाला शिस्त आली यात शंका नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. ताण आणि प्रवाह या एकाच वेळी न नांदणाऱ्या दोन अवस्था ठरल्यामुळे त्यांच्यातील प्रमाण शोधण्याचा प्रश्नच विचाराबाहेर गेला.

तारांच्या गुणधर्मांवर या काळात पुष्कळ काम चालू होते. सर हंफ्री डेव्ही याने १८२१ मध्ये दाखविले की, धातूच्या तारेची वहनशक्ती तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात व छेदाच्या सम प्रमाणात असते, ती पृष्ठभागावर अवलंबून नसते आणि तार तापली की घटते. पीटर बार्लो याने १८२५ मध्ये तारायंत्राच्या शक्यतेचा विचार करताना केवळ २०० फूट तारेने चुंबकीय परिणाम इतका क्षीण झालेला पाहिला की, ती योजनाच अव्यवहार्य ठरविली. सहाच वर्षांनी अमेरिकेत जोसेफ हेन्री याने २५ जोड्यांची घटमाला लावून १,०६० फूट तारेच्या टोकाशी चुंबक समाधानकारक रीतीने चालविला. दोघांचेही निरीक्षण खरे होते. दीर्घ तारेसाठी अनेक घटांची माला आणि आखूड तारेसाठी मोठ्या पृष्ठाचा एकच घट उपयोगी पडतो, हे हेन्रीने हाताच्या अनुभवाने ओळखले; त्याचे सूत्र मात्र त्याच्यापुढे नव्हते. ते तोपर्यंत जर्मनीत छापून झाले होते.

गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) हा एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचा मुलगा. १८१७ पासून तो कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकवीत असे. तारेची लांबी वाढविली असता चुंबकीय परिणाम किती घटतो, हा त्याचा पहिला प्रश्न. १८२५ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र लॉगरिथमी स्वरूपाचे होते व ते चुकीचे ठरले. याचे एक मोठे कारण घटातच होते. त्या काळचा घट चालू करताच जोरात असे, मग ढिला पडे, विसावा दिला की पुन्हा सावरे. अशा स्रोतावर सूक्ष्म मापन उभे राहणे कठीणच. पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून ओहमने घट बाजूला ठेवला आणि झेबेकने १८२१ मध्ये शोधलेल्या तपयुग्माचा आश्रय घेतला. बिस्मथच्या पट्टीची दोन टोके तांब्याला जोडून त्याने एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दोन्ही तापमाने ढळत नाहीत. म्हणून स्रोतही ढळत नाही. चुंबकसूची सोन्याच्या चपट्या तारेने टांगलेली होती, आणि वळलेली सूची मूळ जागी आणण्यासाठी त्या तारेला जितका पीळ द्यावा लागे तितका प्रवाह, अशी कूलंबच्या धर्तीची मापनपद्धती होती.

जानेवारी १८२६ मध्ये ओहमने २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक मंडलात घातल्या. पहिल्या मालिकेत सर्वांत आखूड तारेला सुमारे ३२७ आणि सर्वांत लांब तारेला सुमारे ४८½ असे आकडे आले. लांबी ६५ पट झाली, पण प्रवाह मात्र सातव्या हिश्शापेक्षा थोडा अधिकच राहिला. सर्व आकडे एका साध्या सूत्रात बसले :

प्रवाह = अ ÷ (ब + ल)

येथे ‘ल’ ही तारेची लांबी आहे. ‘ब’ ची किंमत २०¼ इंच आली; म्हणजे तारेखेरीज मंडलातील उरलेला सर्व भाग अशा २०¼ इंच तारेइतका विरोध करीत होता. आकडे पडताळून पाहता येतात : २ + २०¼ आणि १३० + २०¼ यांचे गुणोत्तर सुमारे १ : ६¾ आहे, आणि प्रयोगातील दोन आकड्यांचे गुणोत्तरही तेवढेच आहे. ‘ब’ विसरला तर लांबी व प्रवाह यांचा कोणताच सरळ संबंध दिसणार नाही. तो धरला की लगेच दिसतो. पूर्वीच्या प्रयोगकर्त्यांची वाट कोठे अडली होती ते यावरून समजते.

याहूनही निर्णायक ठरले ते पुढचे पाऊल. ओहमने दोन सांध्यांच्या तापमानांतील अंतर पुष्कळ कमी केले आणि मोजणी पुन्हा केली. ‘अ’ घटला, ‘ब’ मात्र तसाच राहिला. एकाच मंडलातील दोन कारणे येथे प्रयोगानेच विलग झाली. एक कारण केवळ स्रोताच्या उत्तेजनेवर अवलंबून, दुसरे केवळ द्रव्य व मापे यांवर अवलंबून. पहिले ती चालक प्रेरणा, दुसरा तो रोध. या दोन्ही राशी एकाच आकड्यात मिसळून मोजल्या जात होत्या, म्हणूनच १८२६ पूर्वीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नव्हते.

येथवर सूत्र प्रायोगिक होते. १८२७ मध्ये बर्लिनहून निघालेल्या ‘गॅल्व्हानी मंडलाचे गणिती विवेचन’ या आशयाच्या नावाच्या ग्रंथात ओहमने त्याला सिद्धांताची बैठक दिली. त्याच्यापुढे आदर्श होता फूरिएच्या १८२२ च्या उष्णतावहनावरील ग्रंथाचा. दोन लगतच्या कणांमधून जाणारी उष्णता त्यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात असते. त्याचप्रमाणे जाणारी विद्युत् त्यांच्या ‘विद्युत् दर्शकी बलां’तील अंतराच्या प्रमाणात असते, असे त्याने गृहीत धरले. मंडलाचे वलय एका ठिकाणी कापून सरळ रेषेत पसरावे आणि प्रत्येक बिंदूवर तेथील बलाइतका उंच लंब उभारावा, अशी त्याची आकृती होती. एकजिनसी तारेवर या लंबांची टोके एका उतरत्या रेषेत येतात. बारीक तारेवर उतार तीव्र होतो, जाड तारेवर सौम्य. आणि जेथे भिन्न धातूंचा संपर्क आहे तेथे रेषा एकदम उडी घेते. सर्व उड्यांची बेरीज सर्व उतारांच्या बेरजेइतकी असते. साध्या मंडलाविषयी आजही जे शिकविले जाते त्याचे सार या आकृतीत आहे. त्याचबरोबर अँपिअरने घातलेली भिंतही येथे कोसळली होती. ताण मंडल जुळताच नाहीसा होत नाही. तो उतरणीच्या रूपाने मंडलभर पसरतो, आणि ती उतरणच प्रवाहाचे प्रमाण ठरविते.

ओहमच्या ग्रंथाची त्याच्या देशात उपेक्षा झाली, ही गोष्ट नेहमी एका उपेक्षित प्रज्ञावंताच्या करुणकथेच्या स्वरूपात सांगितली जाते. त्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. त्याला अपेक्षित असलेली विद्यापीठीय जागा मिळाली नाही, कोलोनची नोकरी त्याने सोडली आणि १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळेपर्यंतची वर्षे त्याला ओढगस्तीत काढावी लागली. बर्लिनच्या पोल याने ग्रंथावर प्रतिकूल टीका केली. तथापि लाइपझिगच्या फेखनरने १८३१ मध्ये विस्तृत मापने प्रसिद्ध करून नियमाला पाठिंबा दिला. पीटर्सबर्गला लेन्झने त्याचा उपयोग केला. फ्रान्समध्ये पुइए याने १८३७ मध्ये तत्सम निष्कर्ष मांडले. १८४१ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले व त्याच वर्षी रॉयल सोसायटीने ओहमला कॉप्ली पदक दिले. १८४३ मध्ये व्हीट्स्टनने लंडनमध्ये ओहमच्या सूत्राच्या आधारे मापनाची उपकरणे व रीती यांची सांगोपांग मांडणी केली. बेकरेल (१८२९) व डॅन्येल (१८३६) यांचे स्थिर घट मधल्या काळात आल्यामुळे तपयुग्माखेरीजही नियम पडताळणे सुकर झाले होते.

स्वीकार मंदगतीने झाला याचे खरे कारण केवळ व्यक्तींच्या दुराग्रहात शोधून भागत नाही. नियमाच्या मुळाशी असलेली संकल्पना अजून संदिग्ध होती. ओहमचे ‘विद्युत् दर्शकी बल’ त्याच्या विवेचनात वस्तुतः संवाहकाच्या घनफळात पसरलेल्या विद्युतेच्या घनतेचे काम करीत होते, जसे उष्णतेच्या बाबतीत तापमान करते. यावरून असे निष्पन्न होई की, विद्युत् संवाहकाच्या अंतर्भागात सर्वत्र सारखी पसरली की समतोल साधेल. परंतु समतोलात विद्युत् केवळ पृष्ठभागावर राहते, हे कूलंबच्या काळापासून सिद्ध होते. सूत्र अचूक, पण त्याची उपपत्ती स्थिर विद्युतेच्या प्रस्थापित सिद्धांताशी विसंगत, अशी ही स्थिती होती. चिकित्सक वाचकाला शंका घेण्यास येथे वाजवी जागा होती.

ही विसंगती गुस्टाव्ह किर्खहोफने दूर केली. क्योनिग्झबर्ग येथे फ्रान्झ नॉयमानचा विद्यार्थी असताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८४५ मध्ये त्याने शाखायुक्त मंडलांचे दोन नियम मांडले : कोणत्याही संगमात येणारे व जाणारे प्रवाह समान असतात, आणि कोणत्याही बंद फेऱ्यात प्रवाह व रोध यांच्या गुणाकारांची बेरीज त्या फेऱ्यातील चालक प्रेरणांच्या बेरजेइतकी असते. दरम्यान रूडोल्फ कोलराउश याने १८४८–४९ च्या सुमारास सूक्ष्म विद्युत् मापकाने चालू मंडलातील ताण प्रत्यक्ष मोजून ओहमची उतरण प्रयोगाने पडताळली. १८४९ मध्ये किर्खहोफने अखेरचा दुवा जोडला. ओहमच्या बलाच्या जागी घनता न मानता वर्चस् मानावे, असे त्याने दाखविले. ग्रीनने १८२८ मध्ये आणि गाउसने १८४० च्या सुमारास गणितात प्रतिष्ठित केलेली हीच राशी. संवाहकाच्या आत वर्चस् सर्वत्र समान असणे म्हणजेच समतोल. मग विद्युत् पृष्ठभागावर राहते हेही त्यातूनच निघते. स्थिर प्रवाहातसुद्धा एकजिनसी तारेच्या अंतर्भागात निव्वळ भार साठत नाही. पृष्ठभागावरील भारांमुळे आत वर्चसाची उतरण टिकून राहते. ओहमची सर्व सूत्रे अबाधित राहिली, फक्त त्यांतील एका अक्षराचा अर्थ बदलला. व्होल्टाच्या विद्युत् दर्शकातील ताण आणि अँपिअरच्या तारेतील प्रवाह अशा रीतीने एका शास्त्राचे विषय झाले.

यात ऊर्जेच्या विचाराची भर पडून संकल्पना पूर्ण झाली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जूलने १८४१ मध्ये दाखविले होते. ते ओहमच्या नियमाशी जोडले की, वर्चोभेद म्हणजे एकक भार एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना घडणारे कार्य, हा अर्थ उलगडतो. विल्यम टॉमसनच्या (पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिनच्या) १८५१ च्या विवेचनात तो स्पष्ट आहे.

या सूक्ष्म भेदांचे व्यावहारिक मोल किती, हे सागरी तारांच्या इतिहासाने लवकरच दाखवून दिले. १८५८ च्या अटलांटिक तारेवर व्हाइटहाउसने मोठ्या प्रवर्तन वेटोळ्यांच्या साहाय्याने सुमारे दोन हजार व्होल्ट लादले. आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तारही १८६० मध्ये बंद पडली. या अपयशांच्या चौकशीतून निश्चित परिमाणे व काटेकोर चाचण्या यांची निकड सर्वमान्य झाली, आणि १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विद्युत् परिमाणांसाठी समिती नेमली. १८७० मध्ये मुंबई सुएझ–एडनमार्गे सागरी तारेने इंग्लंडशी जोडली गेली ती या नव्या मापनशिस्तीच्या काळात. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावे एकत्र स्वीकारली.

या संदर्भात हेन्री कॅव्हेंडिशचे उदाहरण बोधप्रद आहे. लेडन पात्रांचा भार मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून स्वतःच्या शरीरात सोडून व धक्क्यांची तुलना करून तो १७८१ मध्येच ओहमच्या नियमाशी तुल्य अशा निष्कर्षाला पोहोचला होता. परंतु ती टिपणे अप्रकाशित राहिली आणि मॅक्सवेलने ती १८७९ मध्ये छापली तेव्हा इतिहास पुढे गेलेला होता. अचूक आकडा हाती येणे आणि त्या आकड्याभोवती शास्त्र उभे राहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या इतिहासाला महत्त्व आहे. घट नेहमी सारखाच प्रवाह देतो असे मानणे, स्रोताचा अंतर्गत रोध विसरणे, तुटलेल्या मंडलात प्रवाह नाही म्हणून वर्चोभेदही नाही असे समजणे, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका होत. एकेकाळी बार्लो व अँपिअर यांच्यासारखे श्रेष्ठ अभ्यासक याच परिसरात अडखळले होते. त्या चुका बुद्धिमांद्याच्या निदर्शक नसून संकल्पनेच्या अंगभूत अवघडपणाच्या निदर्शक आहेत. आणि ओहमने ‘अ’ व ‘ब’ वेगळे केले तो प्रयोग व्याख्येच्या आधी दाखविला, तर त्या अधिक सहज दूर होण्याचा संभव आहे.

शब्दांचा प्रवास येथे विशेष लक्षणीय आहे. फ्रेंच भाषेत व्होल्टतेला आजही ‘तांस्याँ’ म्हणतात, जर्मनमध्ये ‘श्पानुंग’; दोन्हींचा अर्थ ताण. अँपिअरने जो शब्द केवळ तुटलेल्या मंडलापुरता राखून ठेवला होता, तोच आज प्रवाह वाहत असलेल्या प्रत्येक मंडलाच्या मापनात वापरला जातो.